जोडीचा दम

तिवस्याचा धम्मदीप नेमकं काय करतो, हे गावात अजून कोणाला धड सांगता येत नाही. ‘जर्मनीत नाटकात गाणं म्हणते पोरगं’ एवढ्यावर भागवतात. तो टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच पट्टीचा गळा. आठ वर्षं तिथल्या एका ऑपेरात मागच्या रांगेत कोरसमध्ये उभा होता. यंदा एकल गायकाची जागा निघाली. सोमवारपर्यंत आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. वय चौतीस, आता नाही तर कधीच नाही, हे तो जाणून होता.

मे महिन्याच्या सुट्टीत तो घरी आला होता. शनिवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेला. तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन होता, उंच छत होतं आणि वाजवायला आशाबाई होत्या. त्यांचे यजमान मोतीराम मास्तर चाळीस वर्षं तिथले टेनर. मिशनच्या वसतिगृहात राहणाऱ्या या बौद्धाघरच्या पोराचा गळा त्यांनीच घडवला. मास्तर फेब्रुवारीत गेले, तेव्हा धम्मदीप प्रयोगात अडकला होता. मातीला येता आलं नाही, हे त्याला आतून खात होतं.

आशाबाईंनी कपाटातून गाण्यांची जुनी वही काढली. या चर्चची एक रीत होती. दोन टेनर एका वहीवर गात आणि लांब सूर तुटू नये म्हणून श्वासाची पाळी बांधून घेत. एकानं दम घेतला की दुसऱ्यानं सूर धरायचा. कोणी कुठे दम घ्यायचा, त्याच्या खुणा वहीत असत; मास्तरांच्या निळ्या पेन्सिलीच्या, धम्मदीपच्या लाल. ही जोडी जन्माची. त्यातला एक गेला, तर उरलेल्यानं पुन्हा गाण्याआधी त्याच्या खुणा पुसून टाकायच्या. काहून, ते कोणी विचारत नसे. रीत उगाच पडत नाही, पण हे शहाणपण माणसाला उशिराच सुचतं.

“आधी पुसून टाक,” आशाबाईंनी खोडरबर पुढे केलं.

“राहू द्या ना बाई. मास्तरच्या हातचं एवढंच तं उरलं.”

“बापा, रीत हाय ते.”

“गाणं झाल्यावर पुसतो.”

बाहेर रस्ता उन्हानं भाजून निघत होता. आवाज नको म्हणून पंखे बंद, दारं बंद. धम्मदीप गायला. तिसऱ्या पानावर त्याला ज्येष्ठमधाचा वास आला. मास्तर गाताना गालात काडी धरून ठेवायचे. त्याचे डोळे भरून आले, आणि त्या भरात तो जन्मात गायला नव्हता इतका सुंदर गायला.

मग त्यानं कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. तिसऱ्या पानावरचा सूर तब्बल चाळीस सेकंदांचा. त्यात त्यानं तीनदा श्वास घेतला होता, आपल्याच लाल खुणांवर. रेकॉर्डिंगमध्ये सूर कुठेच तुटला नव्हता. पुन्हा ऐकलं. लाल खुणेवर आवाज किंचित जाड होत होता, म्हाताऱ्या गळ्यासारखा… आणि परत त्याचा होत होता.

त्यानं हेडफोन आशाबाईंच्या कानाला लावले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“पाठवू नको हे… मिटवून टाक. पुन्हा गा.”

“बाई, असं कोणालेच गाता येत नाही. माही जागा पक्की होते याच्यानं.”

मोह वाईट. त्यानं तिथेच बाकावर बसून ते पाठवलं. मग निळ्या खुणा पुसल्या, कागद झिजेपर्यंत.

“आता पुसून काय होते?” आशाबाई हळूच म्हणाल्या. “थो तुह्यासाठी सूर धरून राहिला होता. जोडी हाय ना… त्याची बी पाळी येईन.”

मंगळवारी उत्तर आलं. जागा मिळाली होती. आईनं गल्लीभर पेढे वाटले. संध्याकाळी चहाचा कप ओठाला लावताना धम्मदीपचा श्वास थांबला. दुखलं नाही, ठसका लागला नाही. हवा आत येईना, इतकंच. डाव्या कानाशी, मास्तर उभे राहायचे त्या बाजूला, कोणीतरी निवांत, पोटभर श्वास आत ओढला. मग छाती मोकळी झाली. त्यानं मनात आठ मात्रा मोजल्या होत्या.

बुधवारी सोळा झाल्या. त्यानं आईला सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी अंगणातल्या बाजेवर बसला असता छाती पुन्हा बंद झाली. सोळा झाल्या. वीस. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. त्यानं चाचपडत तो कानाला लावला.

“धम्मदीप? सकाळपासून जीव लागत नाही माहा,” आशाबाई म्हणाल्या. “बरा हाय ना तू? बोलत काहून नाहीस?… बापा, दम घे. पयले दम घे.”

तीस. कानाशी एक लांब, सावकाश श्वास ओढला गेला.

“हां…” पलीकडून आशाबाईंनी सुटकेचा उसासा टाकला. “घेतला ना? आला मले आवाज. आता बोल.”

धम्मदीपच्या छातीत अजून काहीच गेलं नव्हतं.