ओट्यावरचं 'मना'

बायको लीलाबाई वारल्याचं देवचंदला डाळमिलमध्ये कळलं. ती भाच्याच्या लग्नाला पिंपळनेरला पुढे गेली होती, तो दोन दिवसांनी जाणार होता. दुपारी मिलच्या ऑफिसात फोन आला. मॅनेजरने त्याला आत बोलावलं आणि आधी बसायला सांगितलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्या ऑफिसात त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. खुर्ची पुढे झाली तेव्हाच तो समजला.

दोन महिन्यांनी मुलगा वना धुळ्याहून आला. आबांनी एकट्याने किती दिवस राहायचं, जळगावचं घर विकू, धुळ्याच्या घरावर एक मजला चढवू, असं म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. देवचंद हो म्हणाला.

मग दलाल रतिलाल घर बघून गेला. भिंतींना चुना मारा, खिडक्यांना रंग द्या, मोरीची फुटकी फरशी बदला, असं त्याने सांगितलं. एक लाख दहा हजार सांगायचे आणि पाच हजारांच्या वर उतरायचं नाही, हेही पढवून ठेवलं. निघताना तो दारापुढच्या ओट्यावर थांबला. ओट्याच्या सिमेंटमध्ये खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं होती.

"आणि हे बुजवा, देवचंदभाऊ. पायरी चढतानाच गिऱ्हाईक 'मना' वाचणार. त्याला वाटेल, इथं यायलाच मना आहे."

देवचंद बरं म्हणाला. पंचवीस वर्षांपूर्वी त्यालाही असंच वाटलं होतं.

तेव्हा तो मिलमध्ये नुकताच लागला होता. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली आणि त्याने सगळ्यांसारखा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. गर्दीतून आत शिरला तर त्या बाकावर खिडकीशी एक माणूस डुलक्या घेत होता, शेजारी एक मुलगी बसली होती आणि तिच्या पलीकडे रुमाल होता. हिरव्या चौकड्यांचा. त्याचाही तसाच. त्याने हात घातला.

"हाऊ रुमाल मना शे," ती म्हणाली.

देवचंद पहूरचा. त्याच्याकडची बोली वेगळी. त्याला ऐकू आलं ते एवढंच, की रुमाल मना आहे. म्हणजे नवा नियम निघाला असणार... रुमाल टाकायचा नाही. त्याने खाली पडलेला स्वतःचा रुमाल उचलून खिशात घातला आणि दांडी धरून उभा राहिला. रिकाम्या जागेशेजारी, थेट पारोळ्यापर्यंत. ती एकदा बघायची, मग बाहेर बघायची. शेवटी तिला राहवलं नाही.

"जागा शे ना. उभा काबर शेतस?"

"तुम्हीच म्हणालात ना – रुमाल मना आहे."

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. हसू आवरेना तेव्हा खिडकीशी झोपलेला तिचा भाऊ जागा झाला.

"मना म्हंजे मना," तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तुमना नही."

"मना म्हणजे... माझा?"

"तुना नही, मना!"

तो बसला. एरंडोल येईपर्यंत भावाने त्याचं गाव, घर, नोकरी, सगळं विचारून घेतलं. जळगावला उतरताना तिने तो हिरव्या चौकड्यांचा रुमाल बाकावरच ठेवला. त्याने तो देऊ केला, तर खाली बघत म्हणाली, "आते तुमना."

त्याच उन्हाळ्यात पिंपळनेरला बुद्धवंदना म्हणून त्यांचं लग्न झालं.

बारा वर्षांनी हे घर झालं. दोघांनी विटा वाहिल्या. ओट्याला शेवटचा हात मारून गवंडी बाजूला झाला, तशी लीलाबाई खिळा घेऊन बसली आणि ओल्या सिमेंटमध्ये 'मना' लिहून मोकळी झाली. खाली बोटभर जागा सोडली आणि खिळा त्याच्यापुढे धरला.

"आते तुम्ही लिखा. तुना."

गवंडी हसत होता. शेजारच्या बायका दारात आल्या होत्या. देवचंदला लाज वाटली. जेवून लिहितो, म्हणाला. जेवून आला तोवर माल घट्ट झाला होता. ती रागावली नाही. मात्र रोज ओटा पुसताना त्या जागेवर फडकं जरा जास्त फिरवायची, त्याला दिसेल असं.

रंग, चुना, फरशी, सगळं त्याने आठ दिवसांत उरकलं. बुजवायचं तेवढं राहिलं. रविवारी सकाळी त्याने घमेल्यात सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि ओट्यावर बसला. तेवढ्यात, सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच, रतिलाल गिऱ्हाईक घेऊन आला. रुपचंद मास्तर आणि त्याची बायको. वर्षही झालं नव्हतं लग्नाला.

मास्तर पायरीवरच थबकला. "मना? काय मना आहे?"

रतिलालने देवचंदकडे रागाने पाहिलं. पण मास्तरची बायको खाली वाकली. अक्षरांवरून तिने बोट फिरवलं.

"तुम्हाला नाही कळायचं," ती नवऱ्याला म्हणाली. मग देवचंदकडे वळली. ती साक्रीकडची होती. "हाऊ ओटा कोना शे, आबा?"

लीलाबाई गेल्यापासून त्या घरात ही बोली कुणी बोललं नव्हतं. देवचंदने थापी खाली ठेवली.

"तिचा," तो म्हणाला.

तिने पुढे विचारलं नाही. घर बघून झालं. मास्तरने किंमत विचारली, रतिलालने खाकरून खूण केली, पण देवचंद सरळ लाखावर आला. ओट्यावरचं 'मना' बुजवायचं नाही, एवढंच त्याने मागून घेतलं.

"मी रोज पुसत जाईन," मास्तरची बायको म्हणाली. "पण आबा, खाली जागा कशाला सोडली आहे?"

"राहिली तशीच," देवचंद म्हणाला.

खरेदीखताचा दिवस ठरला, चहा झाला, माणसं गेली. देवचंद आतून खिळा घेऊन आला आणि त्या सोडलेल्या जागेवर ओला थर द्यायला घमेल्यात थापी घातली. थापी आत गेली नाही. बोलण्यात माल घट्ट झाला होता.

आठ दिवसांनी तो धुळ्याला गेला. ओट्यावर 'तुना' लिहायचं राहिलं आहे.