रिकाम्या काट्यावरचे पंचेचाळीस किलो

काम साधंच होतं. दारव्ह्याच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की एक जुनी जिनिंग, कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, लागते. तिथल्या वजनकाट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू होत नव्हता, तो चालू करून द्यायचा. बस, एवढंच. पण कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला असलेल्या समीक्षाला ते टाळता येण्यासारखं नव्हतं, कारण तो बंद पाडला होता तिनंच.

मंगळवारी दुपारी तिनं त्याच्यावर नवी सिस्टिम चढवायला घेतली होती. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू होणार आणि मालकानं आणलेलं वजनाचं नवं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवर चालत नव्हतं. पडद्यावर टक्के मुंगीच्या चालीनं सरकत होते. शेवटची जीप साडेपाचची. काम आपोआप पूर्ण होईल म्हणून ती मशीन तसंच चालू ठेवून निघाली. मोबाइल चार्ज करायला तिनं कॉम्प्युटरची पिन इन्व्हर्टरवरून काढून भिंतीतल्या सॉकेटला लावली होती, ती परत लावायची मात्र राहून गेली. रात्री लाइट गेली.

बुधवारी सकाळी वजनकाटा सांभाळणाऱ्या काटाबाबूंचा फोन आला. "मॅडम, तुमचं मशीन उठूनच नाही राह्यलं. काया पडदा अन् दोन वळी इंग्रजी."

"उद्या येते काका," ती म्हणाली. बुधवारी तिला दुसरं काही काम नव्हतं. चूक उघडी पडेल म्हणून ती गेली नाही. त्याच दिवशी ती गेली असती तर... पण ते पुढं.

गुरुवारी साडेबाराला जीपनं तिला वळणावर सोडलं. हंगाम नसला की जिनिंगसारखी ओसाड जागा नाही. लांबच लांब शेड, कुलूपबंद यंत्रं, उन्हानं तापून मधूनच कडकड वाजणारे पत्रे आणि सगळीकडं सरकीच्या जुन्या तेलाचा कोंदट वास. फाटकाजवळ जमिनीच्या पातळीत बसवलेला काट्याचा लोखंडी फलाट, बैलगाडीच काय, अख्खा ट्रक मावेल एवढा. त्याला लागून खिडकीची छोटी खोली. आवारात माणूस एकच, काटाबाबू भगवानराव. तीस वर्षं याच खिडकीत बसून वजनं सांगितलेला पांढऱ्या सदऱ्याचा वाळका म्हातारा.

"या मॅडम. म्हटलं आता दिवाळीलेच येता का काय."

"सीझनला अजून महिना आहे ना काका?"

"सीझनचं सोडा. दीडच्या आंदी होईन का, तेवढं सांगा."

"दीडला काय आहे?"

भगवानरावांनी खिडकीबाहेर, फलाटाकडं पाहिलं. "जेवण," ते म्हणाले. टेबलावर त्यांचा स्टीलचा डबा होता. शेजारी आणखी एक, कालचा. दोन्ही न उघडलेले.

समीक्षानं मशीनचं झाकण काढलं आणि किंचाळलीच. आतून पाल सळसळत भिंतीवर गेली.

"भेऊ नका बाप्पा, ते आमचीच हाये. तीन साल झाले तिच्या नोकरीले. मालकानं अजून परमनंट नाही केलं."

तिला हसू आलं. मशीन म्हणत होतं की सुरू व्हायला त्याला डिस्कच सापडत नाही. डिस्क गेली असेल तर सगळ्या जुन्या नोंदी गेल्या, आणि दुकानातली आपली नोकरीही. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. पडदा काळाच. मग मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरली, तर तिथली तारीख पंधरा वर्षं मागं गेलेली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल कधीचाच मेला होता. आजवर इन्व्हर्टरच्या जिवावर मशीनला सगळं आठवत होतं. मंगळवारी रात्री वीज तुटली आणि ते एका झटक्यात सगळं विसरलं. दिवस कोणता ते विसरलं, डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं तेही विसरलं.

"सापडलं का?" मागून आवाज आला.

"हो काका. सेल गेलाय. मशीनला विसर पडलाय." पिनेचं ती बोलली नाही.

"बंद मशीनवर आकडा दिसत नसन ना काही?"

"नाही. का?"

"काट्याच्या त्या जुन्या डब्यावरचे लाल आकडे जळून गेले. आता जे दिसते ते ह्या पडद्यावरच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "काल दीड वाजता म्या लय खटपट केली. काहीच दिसलं नाही."

तिनं पर्समधला नवा सेल बसवला, तारीख लावली. तरी पडदा काळा. मग यादीत डिस्कची पद्धत बदलून जुन्यासारखी केली, देवाचं नाव घेतलं आणि मशीन परत सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरू लागले. मंगळवारी अर्धवट राहिलेले टक्के पुढं सरकू लागले.

भगवानरावांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "म्या हापशीवर हात धून येतो. आकडा आला का आवाज द्या. तुमी कशाले हात नका लावू." आजचा डबा काखेत मारून ते शेडच्या मागं गेले.

एकला दहा मिनिटं कमी असताना मशीन उठलं. समीक्षानं केवढा तरी श्वास सोडला. नवं सॉफ्टवेअर उघडलं. कोपऱ्यात मोठ्या हिरव्या आकड्यात वजन आलं: ४५.

तिनं खिडकीतून पाहिलं. फलाट रिकामा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं. ऊन, लोखंड आणि पलीकडं वाळलेलं गवत.

जुन्या नोंदी वाचल्या का ते पाहायला तिनं यादी उघडली. हंगामातल्या गाड्यांच्या मध्ये मध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. दीड वाजता, पंचेचाळीस किलो. गाडी नंबरची जागा कोरी. रोज. रविवारी, दिवाळीला, भर पावसाळ्यातही. तीन वर्षं.

तिनं पुन्हा खिडकीतून रिकाम्या फलाटाकडं पाहिलं. मग शिकलेल्या मनानं समजूत काढली: दुपारी लोखंड तापतं, काटा सरकतो. जुन्या काट्यांचं असतंच असं. तेवढ्यात तिला वास आला. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीचा आणि जवसाच्या चटणीचा. डबा तर काकांनी सोबत नेला होता आणि दुसऱ्याचं झाकण घट्ट लागलेलं होतं...

कशाला हात लावू नका, असं ते म्हणाले होते. पण मालकाला आणि काकांना नीट, स्वच्छ पडदा दाखवावा, मंगळवारची चूक थोडी तरी भरून निघावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं 'शून्य' वर क्लिक केलं.

पंचेचाळीसचं शून्य झालं.

त्याच क्षणी बाहेर फलाट वाजला. हलकासाच. उभं राहून अवघडलेल्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा, तसा.

"काका!" ती ओरडली. "काका, झालं!"

भगवानराव ओल्या हातांनी जवळजवळ पळतच आले. "आली?"

"कोण?"

त्यांनी पडद्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. "कितीवर होतं आंदी?"

"पंचेचाळीस दाखवत होतं. फलाट रिकामा होता म्हणून मी... शून्य केलं."

ते खुर्चीत बसले. ओल्या हातांचं पाणी मांडीवर टपकत होतं. मग खालच्या आवाजात, तिच्याकडं न पाहता बोलू लागले.

त्यांची बायको मैनाबाई रोज दीड वाजता घरून डबा घेऊन यायची. खोलीत शिरायच्या आधी मुद्दाम फलाटावर उभी राहायची. काट्याची रीत ठरलेली. खिडकीतून काटाबाबूनं वजन पुकारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, की माणसानं उतरायचं नाही. तीही उतरायची नाही. भगवानराव चेष्टेनं म्हणायचे, "दोन क्विंटल! उतर लवकर, काटा मोडीन!" आणि ती म्हणायची, "अजी, खोटं नका बोलू. पाहून सांगा." मग ते पाहून सांगायचे, पंचेचाळीस. तेव्हा ती हसत उतरायची.

"तिले जाऊन तीन साल झाले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्या अथी बसलो होतो. दीड वाजला, अन् रिकाम्या काट्यावर..." त्यांनी ओठ आवळले. "रोज पुकारतो. पुकारलं का उतरते. शून्य होते. मंग म्या जेवतो. काल पडदाच नव्हता, पोरी. काय पाहून पुकारू? कालपासून उनात उभी हाये ते."

समीक्षा माउसकडं वळली. "काका, मशीन अन् काटा दोन्ही बंद करून परत चालू करते..."

"काटा चालू होतानी जे वर असन, त्यालेच शून्य धरते तो. काल मशीन बंद होतं, काटा चालूच होता, म्हणून आकडा राह्यला. तीस साल झाले, मले नाही माईत?" ते उठले, बाहेर गेले आणि फलाटावर उभे राहिले. पडद्यावर साठ आलं. उतरले, परत शून्य. खिडकीतूनच त्यांनी विचारलं, "उणे नाही दाखोत ना?"

"नाही..."

"उतरली असती तं उणे पंचेचाळीस आलं असतं." ते रिकाम्या फलाटाकडं वळले. घसा खाकरून म्हणाले, "मैना, पंचेचाळीस. उतर वो." पत्रे कडकडले. आकडा शून्यावरून हलला नाही. "पाहा," ते म्हणाले, "न पाहता सांगतलेलं ते आयकत नाही."

"काटे तपासणारा माणूस बोलावू या? तो वजनं ठेवून..."

"त्याले काय सांगू? काट्यावर बायको उभी हाये म्हणून?" ते हसले. ते हसू पाहवत नव्हतं. डबा त्यांनी त्या दिवशीही उघडला नाही. आणि मंगळवारी पिन काढून ठेवल्याचं समीक्षानं तेव्हाही सांगितलं नाही.

हंगाम सुरू झाला. गाड्यांची वजनं अगदी बरोबर येत होती, कुणाचीच तक्रार नव्हती. दर दोन-चार दिवसांनी दुपारी भगवानरावांचा फोन यायचा. "शून्यच हाये," एवढं बोलून ठेवून द्यायचे. कधी विचारायचे, "मॅडम, ते जुनी सिस्टिम परत नाही का चढवता येत?" ती म्हणायची, बघते काका. तिला माहीत होतं, सिस्टिम मागं नेता येईल, शून्य नाही. मग हळूहळू ती दुपारचे फोन उचलेनाशी झाली.

डिसेंबरात जिनिंगच्या मालकानंच कळवलं. भगवानराव खुर्चीतच गेले. दुपारी. समोर बंद डबा होता.

त्या रात्री समीक्षाला रडू आलं ते त्यांच्यासाठी नव्हतं. ते गेले, आणि त्यांना न्यायला जी आली असती ती तिथंच खोळंबून उभी होती. कुणी पुकारेल म्हणून. तिला तर कळलंही नसेल की खिडकीत आता कुणी नाही.

नोंदींची कॉपी काढायची आहे असं सांगून ती पुन्हा जिनिंगवर गेली. खिडकीत बादल नावाचा नवा माणूस बसला होता. "ताई, तुमी बसा, म्या जेवून येतो. गाडी आली तं थांबवा," म्हणून तो गेला. दीड वाजला. शेडमधली यंत्रं जेवणाच्या सुट्टीसाठी थांबली आणि एकाएकी सगळं शांत झालं. पडद्यावर शून्य.

समीक्षानं यादी उघडली. जुनी ओळ शोधली: दीड वाजता, पंचेचाळीस किलो. त्यावर बोट ठेवलं, म्हणजे पाहून सांगितल्यासारखं होईल. मग खिडकीतून तोंड बाहेर काढलं. 

"मैनाबाई... माझं चुकलं. पिन मीच काढली होती. शून्य मीच केलं." तिनं डोळे पुसले, पुन्हा ओळीकडं पाहिलं. "पंचेचाळीस. पाहून सांगते. उतरा."

फलाट हलकेच वाजला.

पडद्यावर आलं: उणे ४५.

तिला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं. जेवून आलेल्या बादलकडून तिनं रिकामा काटा नीट शून्यावर आणून घेतला आणि जीप धरली. जीप अर्धी रिकामी होती, तरी शेजारची म्हातारी उगाच सरकून बसली आणि म्हणाली, "बसू दे वो बाई तिले." समीक्षानं ऐकलं, पण मागं वळून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात गेली. अंग जड वाटत होतं, जिने चढताना दम लागत होता. तिथली नर्स रंजिता कॉलेजातली मैत्रीण. "चल, वजन कर आधी," ती म्हणाली, "घरी बसून नुसती खाऊन राह्यली असशीन." भिंतीपाशी काट्याचं जुनं वजनयंत्र होतं. समीक्षा चढली. रंजितानं वाकून पाहिलं, यंत्राला पायानं हलकीशी ठोकर दिली, पुन्हा पाहिलं.

"त्र्याण्णव? बिघडलं वाटते हे. उतर बरं."

समीक्षा उतरली. रंजिता तोपर्यंत टेबलाकडं वळून जेवणाचा डबा शोधू लागली होती. "कोणी भाकर आणली वो आज?" ती पलीकडच्या खोलीकडं पाहून म्हणाली. "काय मस्त वास सुटला जवसाच्या चटणीचा!"

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. समीक्षा रिकाम्या यंत्राकडं पाहत उभी होती. काटा मागं आला, थरथरला आणि पंचेचाळीसवर येऊन थांबला.

कुणीतरी पाहून सांगायची वाट बघत.