तारलीच्या पोटात काय होतं?

आमच्या टाकीतली तारलीची बोटभर पिल्लं रोज मरत होती. तीनशे सोडली होती, उरली चाळीस. समुद्रातली त्यांची भावंडं मात्र चांगली गुबगुबीत. ती खातात तरी काय, हेच आमचं कोडं होतं.

माझे आजोबा सागरशास्त्रज्ञ. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची ही टाकी त्यांचीच. समुद्रातल्या पिल्लांच्या पोटात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली कवचवाले प्लवक (पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव) दिसले होते. तेच आम्ही टाकीत घालत होतो, तरी पिल्लं मरत होती. "ही चाळीस गेली की टाकी बंद," आजोबा म्हणाले.

पोटं पुन्हा तपासायची ठरली. सकाळी समुद्रातली ताजी पिल्लं आणून ठेवली आणि आमचा यंत्रमानव चिमण्या छपरावर सौरपट्टीशी बसला होता, त्याला उतरवायला गेलो. येऊन बघतो तर काय, आईने सगळी मासळी साफ करून मीठ-हळदही लावलेली.

"आई, आम्हाला पोटंच हवी होती गं," मी रडकुंडीला आले.

"मासळी घरात आली की मी साफ करते, सुरंगी. मला काय स्वप्न पडलं होतं?"

पोटांतली घाण मांजरासाठी वाटीत होती. नुसता लगदा. आजोबांनी कपाळाला हात लावला. "यात सूक्ष्मदर्शकाला काय दिसणार?"

"मला आकार लागतच नाही," चिमण्या म्हणाला. "डीएनए (प्रत्येक जिवाच्या पेशीतली ओळखीची लिपी) पुरतो. मऊ जीव पोटात लगेच विरघळतो, पण त्याच्या लिपीचे तुकडे काही वेळ उरतात."

त्याने तुकडे वाचले. तारलीचे स्वतःचे बाजूला काढले, उरलेले सागरी जीवांच्या यादीशी ताडून पाहिले. कवचवाले होतेच. पण बरेचसे तुकडे निघाले जेलीसारख्या, शेपटीवाल्या एका इवल्या जिवाचे. त्याला कवचच नाही, मग आजोबांना तो दिसणार कसा?

"ताटात कोय उरली म्हणून मी म्हणत बसलो, यांनी कोयच खाल्ली," आजोबा म्हणाले.

बारीक जाळीने ते जीव पकडून आम्ही टाकीत सोडले. पहिल्या दिवशी दोन पिल्लं गेली. नंतर आठवडाभर एकही नाही.

आता बांगड्याच्या पिल्लांची पाळी आहे. काल टोपली दारात आली, तशी आई विळी घेऊन उंबऱ्यात थांबली. "आधी सांगा," ती म्हणाली, "हे खायचे की वाचायचे?"