दोषओळख

सर्व्हरच्या खोलीबाहेर चपलांचा एक जुना जोड भिंतीला नीट टेकवून ठेवलेला होता, म्हणून वैजयंती मोडक यांनीही आपल्या चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. थंड फरशी तळव्यांना लागली तेव्हा त्यांना बरं वाटलं. चार महिन्यांत तीनशे अकरा सर्व्हर तपासून झाले होते. हा शेवटचा. यानंतर गुडघ्यांना तेल, आणि मग निवृत्ती.

काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक सर्व्हरवर संचालन-प्रणालीची कितवी आवृत्ती चालू आहे, ते शोधून काढायचं. सातव्या आवृत्तीच्या आधीच्या सगळ्या प्रणालींत एक खोट निघाली होती. यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजणारा काळगणक त्यांच्या पोटात असतो. तो बारा वर्षांनी काठोकाठ भरतो, आणि काठ ओलांडला की यंत्र जागच्या जागी थिजतं. गेल्या वर्षी अशी काही यंत्रं थिजली, तेव्हा सरकारला जाग आली आणि वैजयंतीबाईंसारख्या आवृत्ती-तपासनिसांना गावोगाव धाडण्यात आलं.

गुहागरजवळच्या सड्यावरचं, उघड्या कातळमाळावरचं हे हृदयताल केंद्र छोटं होतं. नोंदवहीप्रमाणे इथला सर्व्हर बारा वर्षांपूर्वी सुरू झाला होता, आणि मोजणी भरायची वेळ होती उद्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

"विचारा त्याला," केंद्राच्या प्रमुख डॉ. झरीना परकार म्हणाल्या. "लपवाछपवी करणारा नाही तो."

वैजयंतीबाईंनी विचारलं. पडद्यावर उत्तर आलं : आवृत्ती नववी.

"झालं तर मग. नऊ म्हणजे सुरक्षित ना? चला, चहा घेऊ."

"डॉक्टर, आमच्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. रवा लिहिलेल्या डब्यात गेली तीस वर्षं तांदळाचं पीठ आहे. चिठ्ठी काढायची कुणाची छाती नाही."

"मग शिरा कसा करता?"

"डबा उघडून." वैजयंतीबाईंनी पिशवीतून आपली वही काढली. "यंत्राला आवृत्ती विचारली की ते साठ्यातली चिठ्ठी वाचून दाखवतं. पण चालत्या स्मृतीत प्रत्यक्षात काय चालू आहे, हे चिठ्ठीला काय ठाऊक? नवी आवृत्ती साठ्यात आणून ठेवली आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलंच नाही, तर चिठ्ठी नव्याची आणि चूल जुन्याची."

त्यांचा एक नेम होता. स्वतः पडताळलं नाही ते स्वतःच्या हाताने लिहायचं नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत या नेमाने त्यांना दोन बढत्या कमी मिळाल्या होत्या, पण झोप मात्र पुरी मिळाली होती.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात ट्रे, पदर खोचलेला. "कुणी चहा घेणार आहे का, की मी नुसतीच चढून आले सड्यावर? पावणेअकरा झाले. इथे वाऱ्याने तो निवतो."

"या आक्का," डॉक्टर म्हणाल्या. "या यंत्राचे राखणदार आमचे भुवडकाका, त्यांच्या थोरल्या बहीण. आणि आमच्या एकसष्टांपैकी एक."

आक्कांनी ट्रे ठेवला, वैजयंतीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "यांना बसायला खुर्ची द्या, उभ्याने काय तपासणी होते," असं कुणाला तरी सुनावलं आणि त्या गेल्या.

"एकसष्ट म्हणजे?"

डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या काळातली तालकुपी हृदयाच्या स्नायूत बसवत; तिला स्वतःचा ताल नसे, प्रत्येक ठोक्याची खूण इथून, या सर्व्हरवरून जायची. नंतरच्या कुप्या स्वयंपूर्ण निघाल्या, पण जुन्या स्नायूत रुतून बसलेल्या. काढायच्या म्हटल्या तर हृदयच फाटेल. कुपी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, आणि कुपीशी बोलायच्या गुप्त खुणा फक्त याच यंत्राकडे होत्या; सुरू होताना ते त्या आपल्या आपण जुळवून घेई. दुसरं यंत्र उभं करता येत नव्हतं. सुरुवातीला अकराशे चाळीस माणसं होती. वयाने, आजाराने कमी होत होत आता एकसष्ट उरली होती.

"आणि खूण थांबली तर?"

"कुपी साठ सेकंद तग धरते."

"यंत्र पुन्हा सुरू व्हायला किती लागतात?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "ते काकांना विचारा."

वैजयंतीबाईंनी आधी चाचणी घ्यायचं ठरवलं. तिला त्यांच्या खात्यात दोषओळख म्हणत. डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, तसं वैजयंतीबाईंनी समजावलं. त्या हळू बोलत, शाळेतल्या बाईंसारख्या.

"मी याला बरोबर प्रश्न विचारले, तर चौथी आवृत्ती असो की नववी, उत्तर सारखंच येणार. दोन आणि दोन चारच. बरोबर उत्तरावरून कुणाचीच ओळख पटत नाही. म्हणून मी चुकीचे प्रश्न विचारते. साठ नावांच्या यादीतलं एकसष्टावं नाव माग. पंचवीस वाजता काय घडलं ते सांग. अशा वेळी प्रत्येक आवृत्ती आपापल्या पद्धतीने चुकते. चौथी कचरा ओकते, सहावी गप्प बसते, नववी नम्रपणे नाही म्हणते."

"म्हणजे माणसासारखंच," डॉक्टर म्हणाल्या. "निरोगी हृदयं सगळी सारखीच दिसतात मला. लक्षात राहतात ती बिघडलेली."

नऊ प्रश्न होते. उत्तरं आली, आणि वैजयंतीबाईंनी चष्मा पुसला. यंत्र साठ नावांच्या सरावयादीतलं साठावं नावही द्यायला तयार नव्हतं. तिथेच नम्रपणे नाही म्हणत होतं. त्यांनी सगळे प्रश्न पुन्हा विचारले. पुन्हा तेच. चौथीशी जुळेना, नववीशी जुळेना, मधल्या कुठल्याच आवृत्तीशी जुळेना.

दुपार कलली. नियम स्पष्ट होता. आवृत्ती ओळखता आली नाही, तर मोजणी भरण्याआधी यंत्र बंद करून नव्याने सुरू करायचं. पाचपर्यंत अहवाल गेला नाही, तर मुख्यालय सहा वाजता तिकडूनच कळ दाबणार होतं.

"भुवडांना बोलवा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण डॉक्टर चटकन उठल्या.

शांताराम भुवड आले. त्रेसष्ट वर्षांचे, काटकुळे, कपाळावर गंधाची पुसट रेघ. बारा वर्षं ते या यंत्राचे राखणदार होते. त्यांनी कागद पाहिला आणि जमिनीवरच बसले.

"बाई, चूल जुनीच आहे. चौथी. नववी आली तेव्हा मी साठ्यात ठेवली. पुन्हा सुरू करायला चौथीला चाळीस सेकंद लागत. नववी जाडजूड. या जुन्या यंत्रावर तिला पंच्याण्णव लागतात."

"आणि चौथी आता साठ्यात नाही."

"नाही. नववी ठेवताना ती पुसली गेली. चूक माझी. ते कळलं त्या दिवसापासून मी हे यंत्र बंद केलेलं नाही."

"पण ही चौथीसारखी चुकत नाही, भुवड."

"कशी चुकेल? मी दुरुस्त करत आलो." ते संकोचाने हसले. "नववीत कुठले दोष काढले त्याची यादी आली होती. मी चालत्या स्मृतीतच हाताने एकेक सुधारला. रोज सकाळी अंघोळ, माळ, मग एक दोष. तो झाल्याशिवाय चहा नाही. अकरा वर्षं. आक्का म्हणते, तुझा देव चहाटळ आहे, चहासाठी काम करून घेतो."

डॉक्टर परकार म्हणाल्या, "काका, मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं असतंत, चुकलात तर? मी काय सांगितलं असतं?"

वैजयंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. दमणूक हाडांत उतरली होती. चालत्या यंत्राच्या स्मृतीत हात घालणं म्हणजे चालत्या मोटेखाली उभं राहून दोर बदलणं. आणि हा माणूस ते अकरा वर्षं रोज, उपाशीपोटी करत आला होता.

"काळगणक? तोही सुधारलात?"

"आठ वर्षांपूर्वी. भरला की थिजायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, असं केलं."

"नीट झालं का, ते पाहिलंत?"

"भरल्याशिवाय कसं दिसणार, बाई? ते उद्या सकाळीच."

म्हणजे दोनच वाटा. यंत्र आज नव्याने सुरू केलं, तर पंच्याण्णव सेकंदांचा खंड, आणि कुप्यांचा दम साठ सेकंदांचा. डॉक्टरांकडे बाहेरून ताल देणारी बावीस यंत्रं होती. एकोणचाळीस माणसं उरत होती. आणि भुवडांवर विसंबून सोडून दिलं, तर त्यांचा हात चुकलेला असल्यास उद्या सकाळी एकसष्टच्या एकसष्ट.

"बावीसांची यादी मी केलीय," डॉक्टर हळू म्हणाल्या. "वयाप्रमाणे. तरुण आधी."

भुवडांनी विचारलं नाही. आक्का एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

वैजयंतीबाईंनी नऊ उत्तरांचा कागद पुन्हा समोर ओढला. ओळख पटते ती चुकांवरून, हे त्या आयुष्यभर इतरांना सांगत आल्या होत्या. ही चौथीची चूक नव्हती, नववीचीही नव्हती. पण चूक तर होती. साठावर थांबायला हवं तिथे एकोणसाठावर. चोविसाऐवजी तेवीस. नऊच्या नऊ ठिकाणी एक कमी. इतकी नेमाने होणारी चूक यंत्राची नसते, माणसाची असते.

"भुवड, तुम्ही मोजता कसे?"

"कसे म्हणजे?"

"यंत्र शून्यापासून मोजतं. शून्य, एक, दोन. तुम्ही?"

भुवडांचा हात नकळत खिशातल्या माळेकडे गेला. "एकापासून. शून्य कसं मोजायचं? तो माळेचा मेरुमणी. तिथून फिरायचं, पण त्याला मोजायचं नाही. लहानपणी आजोबांनी फटके देऊन शिकवलंय."

"आणि काळगणकातही तसंच केलंत."

"सवयीने... केलं असेल."

वैजयंतीबाईंनी पेन्सिल घेतली. तासाला तीन हजार सहाशे सेकंद. शून्य सोडलं तर तीन हजार पाचशे नव्व्याण्णवांतच गणकाचा तास भरतो. हृदयांचा ताल सेकंदांवर चालतो, त्याला धक्का नाही. पण यंत्राच्या पोटातला तास मात्र दर खेपेला एक सेकंद लवकर संपतो. दिवसाला चोवीस सेकंद. भुवडांनी आपल्या वहीतून दुरुस्तीची तारीख सांगितली. दोन हजार नऊशे बावीस दिवस झाले होते.

गुणाकार त्यांनी दोनदा केला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"एकोणीस तास आणि एकोणतीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "इतका तुमचा गणक पुढे आहे."

डॉक्टरांनीच आधी हिशेब लावला. "म्हणजे उद्याचे सहा दहा..."

"आज सकाळी दहा एक्केचाळीसला होऊन गेले."

भुवड उठले, कळफलकापाशी गेले. काळगणकाची जागा बाहेरून विचारून दिसत नसे. स्मृतीत उतरूनच पाहावी लागे. ती सुधारल्यावर त्यांनी तिकडे कधी पाहिलं नव्हतं. झालेल्या कामाकडे वळून बघायचं नाही, दुसऱ्या दिवशीचं पुढे असतं. त्यांची बोटं कुठे चुकली नाहीत.

भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. पडद्यावर आकडे आले : यंत्र सुरू होऊन पाच तास, एकोणचाळीस मिनिटं.

बारा वर्षं क्षणभर न थांबलेलं यंत्र सांगत होतं, मी आज सकाळीच जागा झालो.

"दहा एक्केचाळीस," डॉक्टर परकार म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "त्याच सुमाराला आक्का इथे दारात उभ्या होत्या. चहा निवतो म्हणून रागावत."

भुवडांनी कळफलकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि तसेच बसून राहिले.

वैजयंतीबाईंनी अहवालाचा कागद घेतला. पहिल्या रकान्यात यंत्राने सांगितलेली आवृत्ती लिहिली, 'नववी', आणि शेजारी 'ही केवळ चिठ्ठी आहे'. दुसऱ्या रकान्यात चालती आवृत्ती लिहायची होती. त्यांनी लिहिलं : 'चौथी, राखणदार शा. भुवड यांनी हाताने सुधारलेली. ओळख पटली. काळगणक भरून गेला आहे, यंत्र चालू आहे, समक्ष पाहिलं. पुन्हा सुरू करण्याची गरज नाही.' मग तिसऱ्या रकान्यात ओळखीची खूण म्हणून नऊच्या नऊ चुका ओळीने उतरवल्या. पुढचा तपासनीस बारा वर्षांनी येईल तेव्हा त्याला लागतील. तोवर एकसष्टांतले कितीजण असतील, हे त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

अहवाल पाचला दहा कमी असताना गेला. मुख्यालयाची पोच आली.

चपला घालताना त्यांचा एक गुडघा वाजला. भुवड दारापर्यंत पोचवायला आले होते. ते घुटमळले.

"बाई, ही एकाची चूक. आता कळलीय, तर उद्यापासून सुधारायला घेऊ का? नऊच जागा आहेत. नऊ दिवसांत होईल."

वैजयंतीबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. समोर सड्यावर ऊन उतरलं होतं, आणि खालच्या वाटेने आक्का रिकामा ट्रे न्यायला पुन्हा चढत येत होत्या, मधेमधे थांबत, कंबरेवर हात ठेवत.

"नको," त्या म्हणाल्या. "ती राहू दे. ती गेली, तर याला कुणी ओळखणार नाही."