फितीची चकचकीत बाजू

शाळा तीनला सुटते आणि साडेतीनचा खेळ सुरू होतो, म्हणजे आमच्या फॉल रिव्हर गावच्या दोन चढणी मला रोज पळत चढाव्या लागतात. हलत्या चित्रांच्या थिएटरात पियानो मी वाजवते. पंधराव्या वर्षी! आधीचे म्हातारबुवा पाठलाग असो की मरण, एकच वॉल्ट्झ वाजवायचे. माझ्या हाताखाली घोडे खरोखर दौडतात, असं तिकिटं देणारी बाईसुद्धा म्हणते.

त्या आठवड्यातली गर्दी मात्र घोड्यांसाठी नव्हती. बोस्टनच्या एका कॅमेरावाल्याने आमच्या कापडगिरणीच्या फाटकातून काम सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसांचं चित्र घेतलं होतं. 'या, स्वतःला पडद्यावर बघा,' अशी पाटी दारावर लागली. माझी थोरली बहीण इदालिना गिरणीत मागावर आहे. चित्रात ती हसत उजवा हात हलवते.

मंगळवारी तिचा माग मोडला, तिला लवकर सोडलं, तशी ती धावत येऊन माझ्यामागच्या बाकावर बसली. गिरणीतलं दुसरं कुणी नव्हतं. यंत्र चालवणाऱ्या मिस्टर ड्वायरनी घाईघाईत चित्राच्या फितीची चकचकीत बाजू चुकीच्या अंगाला लावली. फाटकावरची अक्षरं उलटी उमटली.

"ड्वायर, आम्ही पडद्यामागे येऊन बसायचं का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. पडद्यावरच्या इदालिनाने डावा हात हलवला.

जेवताना तिने सूपचा चमचा डाव्या हातात धरला.

"हे काय नवीन?" आई म्हणाली.

"नेहमीचाच तर हात आहे," इदालिना म्हणाली, आणि हाताकडे बघत राहिली. उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग डाव्या मनगटावर होता. मी तिच्या छातीला कान लावला. ठोका उजवीकडून येत होता.

बुधवारी मी तिला सरळ लावलेली फीत दाखवली. काही फरक पडला नाही. गुरुवारपर्यंत तिला रस्त्यावरची एकही पाटी वाचता येईना. आरशात बघून वाचायची. मागावर हात चुकायला लागले. मुकादमाने बजावलं, शनिवारपर्यंत सुधार, नाहीतर सोमवारी येऊ नकोस.

"लिंडा, घराचं दार रोज चुकीच्या बाजूला असतं," ती म्हणाली. "मला वेड लागतंय का गं?"

"ते तुला जन्मापासूनच आहे. हे दुसरं काहीतरी आहे, आणि ते मी नीट करणार."

फीत शनिवारी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. उलट्या फितीने उलटं झालं, तर पुन्हा उलट्या फितीनेच सुलटं होईल, असं ठरवून मी ड्वायरना गाठलं.

"शेवटच्या खेळाला उलटी लावा."

"का गं? मला शिव्या खायला लावायच्यात?"

"एकदाच. मी तुमची सगळी आयरिश गाणी वाजवीन."

"सगळी?"

"रडकीसुद्धा."

ते कबूल झाले. मी स्वतःवर जाम खूश होते.

शनिवारी गिरणी दुपारीच सुटते. हे मला ठाऊक होतं. मी त्याचा विचार केला नव्हता.

सगळी गिरणी आली होती. स्वतःला शेवटचं बघायला, मांडीवर पोरं घेऊन, भिंतींना टेकून. इदालिना त्याच बाकावर बसली.

अक्षरं उलटी आली. लोक खिदळले. पडद्यावर कितीतरी डावे हात हलले.

मी वळून पाहिलं. डाग उजव्या मनगटावर आला होता. तिने बाहेर जायच्या दारावरची पाटी मोठ्याने वाचली आणि माझ्या गळ्यात पडली.

गाडीची शिट्टी वाजली. फीत गेली.

रविवारी चर्चमध्ये फादरनी हात उचलला. आमच्या पुढच्या, गिरणीवाल्यांच्या रांगेने क्रूसाची खूण केली, डाव्या हाताने. त्याच्याही पुढच्या रांगेने तसंच केलं. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

इदालिनाचा उजवा हात कपाळाशी थांबला. तिने इकडेतिकडे पाहिलं.

मग हळूच हात बदलला.