नकाशात नसलेली सुखी

पिंपळाखाली पहिलीचा वर्ग बसवून मी पाढे म्हणून घेत होते, तेवढ्यात एक टोपीवाला आला आणि माझ्या फळ्याशेजारीच खुंटी ठोकू लागला. लाल झेंडीवाली!

"ओ साहेब, काहून ठोकून राह्यले?"

"मैला डेपो," मान वर न करता तो म्हणाला. "गावचा मैला खड्ड्यात टाकून खत करायचं. जागा रिकामीच हाय."

रिकामी! आमच्या बंजारा तांड्याची साठ घरं, उतारावर एकुलती एक विहीर, बावीस पोरं आणि मी, म्हणजे तांड्याचा प्रमुख, नायक हरिसिंगची सुखी, वीस वर्षांची, सातवी पास, तांड्याची पहिली मास्तरीण!

"डोये हायेत का तुम्हाले?"

आता त्यानं वर पाहिलं. डोळे होते... चांगलेच होते. म्हणून तर मला जास्तच राग आला.

त्यानं नकाशा पुढं केला. आमचा तांडा होता तिथं कोरा कागद! "चाळीस वर्षांपूर्वीचा हाय," तो ओशाळून म्हणाला. "तवा इथं कोनी नव्हतं."

"तवा आमचे लोक बैलांवर माल लादून फिरत होते. आता इथं वसलो ना!"

तोवर माझे वडील धावत आले आणि त्यांनी खुंटी उपटून फेकली.

"नायकसाहेब," त्यानं हात जोडले, "मी ढोले, ओव्हरसियर. जाईन तिथून लोक हाकलतात. कोनी देऊळ दाखवते, कोनी बाजार. मी डेपो टाकू कुठं?"

"तुया घरी टाक!"

"माझं घर तिकडं लांब नेर गावाले हाय," तो इतक्या गरीबपणानं म्हणाला की मला हसू फुटलं. शी!

"आधी आमाले कागदावर घ्या," मी म्हटलं. "वर खड्डे, खाली विहीर... पावसाळ्यात आम्ही काय प्यावं, तेही लिहा."

दुसऱ्या दिवशी तो खरंच कोरा कागद घेऊन आला. मग चार दिवस मी पुढं, तो मागं, आणि त्याच्या मागं सगळी शाळा.

"हे कोनाचं घर?"

"धावजीकाकाचं."

"अन् हे?"

"आमचं."

"कोन कोन राह्यते?"

"नायक, नायकीण... अन् त्यायची पोरगी."

"पोरीचं नाव?"

"नकाशात नावं लिहितात का?"

"नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्यानं अहवाल दिला: तांड्यात डेपो नको, नाल्यापलीकडं सदाशिवरावांचं पडीक रान योग्य. सदाशिवराव म्हणजे डेपो काढणाऱ्या गावकमिटीचेच चेअरमन! त्यांनी आकाशपाताळ एक केलं, पण नव्या नकाशापुढं काही चाललं नाही. डेपो नाल्यापलीकडं गेला... आणि ढोल्यांची बदली झाली.

भर दुपारी, ट्रंक घेऊन, तो वर्गासमोर उभा राहिला.

"मारेगावले चाललो. कोंडवाड्यासाठी जागा पाहाची हाय."

"तिथंही लोक भांडतील."

"भांडतीलच. पन तुमच्यासारखं..."

थांबला. मी वाट पाहिली. बावीस पोरांनी पाहिली. अरे बाबा, बोल की!

"...म्हंजे, मले करमनार नाही."

साठ घरं न चुकता काढणाऱ्याला एक वाक्य पुरं करता येईना!

"बा घरीच हायेत. जाऊन इचारा त्यायले."

"काय इचारू?"

मी कपाळावर हात मारला. "सुखी देता का, हे इचारा! आता तेही मीच शिकवू?"

तो हसला — पहिल्यांदाच, मोकळा — आणि झपाझप निघाला. भलत्याच गल्लीत!

"ओ ढोले! डाव्या हाताले!" मी ओरडले, आणि पोरांना सुट्टी देऊन टाकली.