मोकळी जागा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी शाळामास्तर, त्यातून बौद्ध घरातला. भूतखेत काही नसतं, हे पोरांकडून घोकून घेणारा मीच. तरी पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे.

१९८१चा आषाढ. मुळशी तालुक्यात पौडजवळ आमचं पत्र्याचं घर. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

त्याआधी फाल्गुनात मी आईला, गोजराबाईला, मुंबईच्या एका दवाखान्यात नेलं होतं. वर्षापूर्वी तिच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढलेली. आता तो लिव्हरमध्ये पसरलाय का, ते बघायचं होतं.

शिरेत औषध टोचलं. आई टेबलावर निजली. यंत्राचा दांडा तिच्या पोटावरून रांगेरांगेनं फिरायचा आणि शेजारच्या कागदावर ठिपके मारायचा.

टक टक टक...

मध्येच आवाज थांबायचा. पुन्हा टक टक.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. कागदावर जिथे ठिपके नाहीत, तिथे निरोगी लिव्हर उरलेलंच नाही. अशा चार जागा होत्या.

"तीन-चार महिने," ते म्हणाले.

घरी येताच आईनं तो 'फोटो' मागितला. मला ती कौतुकानं मास्तरच म्हणायची.

"मास्तर, खरं सांग. माझं दिस भरलं आसतील, तर म्या सवता जाईकडं जाईन. न्हाई तर तिनं आधी यावं."

जाई माझी धाकटी बहीण. घरच्यांचं न ऐकता लग्न करून ताम्हिणीला गेलेली. सहा वर्षं मायलेकी बोलत नव्हत्या. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशा दोघी.

आईनं कागदावर बोट ठेवलं.

"ही जागा मोकळी हाय रं."

"व्हय."

"मंजी पोट मोकळं झालं! गेली पीडा!"

तिचा चेहरा असा उजळला की खरं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "व्हय आई. मोकळं हाय."

लोक याला दया म्हणतात. मी दगा म्हणतो.

आई जाईची वाट बघत राहिली आणि आषाढात गेली. शेवटच्या दिवशी तिला सगळं उमगलं असावं. मी पाण्याचा चमचा पुढे केला, तर तिनं तोंड फिरवलं. माझ्या हातचं पाणी घेतलंच नाही.

आई गेल्याचा निरोपही जाईला पोचला नाही. पावसानं रस्ता खचला होता. निरोप घेऊन निघालेला शेजारचा भिकू अर्ध्या वाटेतून परतला.

सहाव्या दिवशी जलदानविधी, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झाला. पाऊस उघडला होता. माणसं जेवून पांगली. मी आईच्या रिकाम्या बाजेशेजारी एकटाच बसलो होतो. आणि पत्र्यावर...

टक. टक. टक.

बाहेर जाऊन पाहिलं. पत्रा कोरडा ठणठणीत. वर चिमणीसुद्धा नव्हती.

आत आलो. आवाज एका रांगेत सरकत होता. टोकाला जाऊन परत फिरत होता. बाजेच्या बरोबर वर आला की... थांबत होता.

ट्रंकेतून तो कागद काढला. आवाजाबरोबर रांगांवरून बोट फिरवत गेलो.

जिथे ठिपका, तिथे टक.

जिथे मोकळी जागा... तिथे काहीच नाही.

चारही जागा बरोबर जुळल्या.

"आई, खोटं बोललो गं मी!" मी ओरडलो.

आवाज बंद झाला.

संध्याकाळी दारात जाई उभी. गुडघ्यापर्यंत चिखल. डोंगरातून चालत आली होती.

"आई कुटं हाय?"

तुला कुणी सांगितलं, एवढंच मी विचारलं.

"ती सवताच आलती की. काल दुपारी. उंबऱ्याभाईर हुबी व्हती. आत ये म्हनलं, तर आली न्हाई. म्हनली, माझं दिस भरलं, तू ये."

आईला जाऊन सहा दिवस झाले होते.

मी ते सांगितलं. जाई माझ्या बायकोकडे, गंगूकडे वळली.

"वयनी, दादा सांगतोय ते खरं हाय का?"

गंगूनं होकारार्थी मान हलवली. जाई दारातच खाली बसली.

"आईच म्हनली... दादाला काय इचारू नगंस. त्यो खरं सांगत न्हाई."

याला आज इतकी वर्षं झाली. जाई येते, जेवते, पोराबाळांची चौकशी करते. पण ती सगळी गंगूकडे. मला ती अजून काहीच विचारत नाही.